पेग ट्यूब बसवायची ठरली आहे : दुर्बिणीची तयारी, घरचा आहार आणि नळीची निगा

प्रश्न — कृष्णाकाठ

नमस्कार. रुग्ण ६८ वर्षांचे पुरुष. पक्षाघाताला पाच आठवडे झाले, उजवी बाजू लुळी. गिळण्याच्या तपासणीत पाणीसुद्धा श्वासनलिकेत उतरतं असं दिसलं. सध्या नाकातून जठरात जाणारी राईल्स ट्यूब आहे, ती त्यांनी तीनदा ओढून काढली. वजन ६२ वरून ५५ किलोवर आलंय. आता दुर्बिणीतून पोटात पेग, म्हणजे पोटाच्या भिंतीतून थेट जठरात जाणारी आहाराची नळी, बसवायची ठरली आहे.

चालू औषधं : क्लोपिडोग्रेल ७५ (रक्त पातळ ठेवणारी), अ‍ॅम्लोडिपिन ५ (रक्तदाबाची), फेनिटॉइन (फिट्सवरची), मेटफॉर्मिन एसआर ५०० (मधुमेहाची), पँटोप्राझोल ४० (आम्लपित्ताची). मधुमेह आहे, साखर बऱ्यापैकी ताब्यात. मूत्रपिंड आणि यकृताच्या तपासण्या ठीक. अंडं चालतं, मांस-मासे नाही. घर तालुक्याच्या गावापासून १८ किलोमीटरवर, उन्हाळ्यात दिवसातून दोन-तीन तास वीज नसते.

विचारायचं ते असं. प्रक्रियेआधी काय बघून घ्यावं? तयार पावडरवर महिनोन् महिने राहणं परवडणारं नाही, तर घरच्या अन्नाचं नेमकं प्रमाण काय धरावं? राईल्समधून पेज दिली की ती दर दोन दिवसांनी तुंबते, पेगमध्येही तसंच होईल का? आणि नळी निघाली तर इतक्या लांबून काय करायचं?

उत्तर १ — अन्ननलिका ते आतडं

पाच आठवडे झालेत म्हणजे वेळ बरोबर आहे. पक्षाघातानंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पेगची घाई करू नये. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या, पक्षाघाताच्या रुग्णांच्या नळी-आहारावरच्या ‘फूड’ या मोठ्या चाचणीत लवकर पेग बसवल्याचा फायदा दिसला नव्हता, उलट राईल्सवाल्यांचं थोडं बरं चाललं होतं. त्या काळात बऱ्याच जणांचं गिळणं आपोआप परतही येतं. चार आठवड्यांपेक्षा जास्त नळी लागणार हे स्पष्ट झालं की मात्र नाकातली नळी लांबवण्यात अर्थ नाही. नाकपुडीला जखम होते, नळी वर सरकते आणि प्रत्येक वेळी ती नव्याने घालताना फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

आधी बघायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्यातली एकही सोडू नका. रक्त गोठण्याची तपासणी : आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) १.५ च्या आत हवा, प्लेटलेट ५० हजारांच्या वर. क्लोपिडोग्रेल साधारण ५ ते ७ दिवस आधी थांबवतात, पण ते तुमच्या मनाने किंवा माझ्या सांगण्यावरून थांबवायचं नाही. मेंदूविकारतज्ज्ञ आणि दुर्बीण करणारे डॉक्टर या दोघांचं एकमत करून घ्या. हृदयात स्टेंट असेल तर तेही आधी सांगा. बहुतेक वेळा त्या दिवसांत अ‍ॅस्पिरिन चालू ठेवतात, त्याने पेग अडत नाही. पोटावर आधीची शस्त्रक्रिया, पोटात पाणी, जठराचा काही भाग काढलेला असणं, यातलं काही असेल तर ते दुर्बिणीच्या आधीच कळायला हवं.

खोलीत काय होतं ते थोडक्यात. आठ तास पोट रिकामं ठेवतात आणि अर्धा तास आधी प्रतिजैविकाचं एक इंजेक्शन देतात. ते दिलं की नाही हे खुशाल विचारा, कारण भोकाभोवतीचा जंतुसंसर्ग ही पेगची सगळ्यात नेहमीची तक्रार आहे आणि त्या एका डोसने ती बरीच टळते. थोडी गुंगी देऊन दुर्बीण जठरात नेतात आणि हवा भरून जठर फुगवतात. खोलीतला दिवा मालवला की दुर्बिणीचा उजेड पोटाच्या कातडीवर दिसतो. तिथे बोटाने दाबल्यावर आत जठराची भिंत दबलेली दिसली, तरच ती जागा सुरक्षित. उजेडही दिसत नाही आणि बोटाचा दाबही दिसत नाही, तर मधे आतडं किंवा यकृत असू शकतं. अशा वेळी हट्ट न करता थांबणारा डॉक्टर चांगला, असं समजा. मग जागा बधिर करून सेंटिमीटरभर चीर, सुई आत, सुईतून दोरा, तो दोरा दुर्बिणीच्या फासात पकडून तोंडावाटे बाहेर. त्याला नळी बांधून ती तोंडातून आत आणि पोटातून बाहेर ओढली की आतली गोल चकती जठराच्या भिंतीला टेकते. सगळं मिळून वीस-पंचवीस मिनिटं. क्लीव्हलंडमध्ये गॉडरर आणि पॉन्स्की यांनी १९८० मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. पोट उघडायला लागू नये एवढीच तेव्हा अपेक्षा होती, आणि मूळ पद्धत आजही जवळजवळ तशीच आहे.

नळी २० किंवा २४ फ्रेंचची मागा. एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा भाग, म्हणजे २४ फ्रेंचची नळी बाहेरून ८ मिलिमीटर जाड. घरचं वाटलेलं अन्न द्यायचं असेल तर बारीक नळी घेऊन पस्तावाल. राईल्स सहसा १४ किंवा १६ फ्रेंचची आणि लांबलचक असते, म्हणून तुमची पेज तिथे अडकते. पेग जाड आणि आखूड असते. तरीही चुका त्याच राहिल्या तर तीही तुंबेल.

परत आल्यावर चार तासांनी ५० मिलि पाणी. पोट फुगलं नाही, उलटी नाही, दुखणं वाढलं नाही, तर पुढे ५० ते १०० मिलि आहार. काही ठिकाणी २४ तास थांबवतात, तेही चुकीचं नाही. पहिल्या तीन दिवसांत ताप, पोट कडक होणं, आहार देताना कळ येणं किंवा नळीतून रक्त, यातलं काहीही दिसलं तर आहार थांबवा आणि त्याच दिवशी दाखवा. एक्स-रेमध्ये पोटात थोडी मोकळी हवा दिसली म्हणून मात्र घाबरू नका. रुग्ण शांत असेल तर ती प्रक्रियेतली हवा असते आणि आपोआप जिरते.

आता ज्याकडे सगळ्यात दुर्लक्ष होतं ती गोष्ट : बाहेरची चकती. नळी हलू नये म्हणून लोक ती कातडीवर आवळून बसवतात. आत जठराच्या भिंतीला एक चकती आणि बाहेर ही आवळलेली. दोन्हींच्या मधे मांस चेपतं, त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि आतली चकती हळूहळू भिंतीत रुतते. मग नळी फिरत नाही, आत सरकत नाही, आहाराला जोर लावावा लागतो आणि कडेने गळती सुरू होते. हे झालं की पुन्हा दुर्बीण, कधी कधी शस्त्रक्रिया. पहिले काही दिवस सोडले की चकती आणि कातडी यांच्यामध्ये अर्धा ते एक सेंटिमीटर सैल जागा हवीच. घरी सोडण्याआधी कातडीजवळ नळीवरचा आकडा किती आहे तो कार्डावर लिहून घ्या. साधारण दहा दिवसांनी, डॉक्टरांना विचारून, आठवड्यातून एकदा बाहेरची चकती सैल करायची, नळी दोन-तीन सेंटिमीटर आत ढकलायची, एक पूर्ण वेढा फिरवायची, मग अलगद ओढून चकती जुन्या आकड्यावर आणायची. नळीला पुढे आतड्यापर्यंत जाणारी जोडनळी असेल तर मात्र फिरवायची नाही.

उत्तर २ — वाटी-चमचा (आहारतज्ज्ञ)

प्रमाण हवंय, म्हणून सरळ आकड्यांवर येते.

५५ किलोला रोज १४०० ते १६०० कॅलरी, ५५ ते ६६ ग्रॅम प्रथिनं आणि सगळं धरून १६५० मिलिच्या आसपास पाणी. पाठीला किंवा कमरेला बिछान्याची जखम झाली असेल तर प्रथिनं ८० ग्रॅमपर्यंत न्यावी लागतात. तुम्ही जी पेज देताय तिच्यात १०० मिलिमागे ३०-४० कॅलरीसुद्धा मिळत नसाव्यात. वजन उतरायचं कारण तिथेच आहे. पातळ केली की उपाशी ठेवते, घट्ट केली की तुंबते. घरच्या नळी-आहाराची सगळी अडचण एवढीच आहे, आणि तिच्यावर आपल्याच स्वयंपाकघरात उपाय आहे : मोड आणलेली नाचणी.

नाचणी १२ तास भिजवा, ओल्या फडक्यात बांधून दोन दिवस मोड आणा, कडक वाळवा आणि दळा. भाजू नका. मोड येताना धान्यात जो पाचक रस तयार होतो तो पिष्ट तोडतो आणि खिरीसारखं घट्ट झालेलं अन्न दहा-पंधरा मिनिटांत ताकासारखं वाहतं करतो. भाजलं की तो रस मरतो. बाजारचं नाचणी सत्त्व म्हणूनच इथे चालत नाही, त्यातलं बरंचसं भाजलेलं किंवा गाळून नुसतं पिष्ट उरलेलं असतं.

दिवसभराचं साहित्य : तांदूळ ७५ ग्रॅम, सालं काढलेली मुगाची डाळ ७५ ग्रॅम, लाल भोपळा किंवा गाजर आणि दुधी मिळून १५० ग्रॅम, मोडाच्या नाचणीचं पीठ ४० ग्रॅम, टोन्ड दूध ५०० मिलि, साय काढलेल्या दुधाची पावडर ३० ग्रॅम, अंडी २, शेंगदाणा किंवा सोयाबीन तेल ३० मिलि, मीठ ४ ग्रॅम. हे सगळं १५०० मिलिपर्यंत आणायचं. साधारण १४८० कॅलरी आणि ६५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं होतात, म्हणजे मिलिमागे जवळपास एक कॅलरी. तयार पावडरीही साधारण तेवढ्याच देतात.

कृतीत क्रम महत्त्वाचा आहे. तांदूळ, डाळ, भाजी ४५० मिलि पाण्यात कुकरला सहा शिट्ट्या, अगदी गुरगुट्या व्हायला हवं. गरम असतानाच मिक्सरमधून काढा. उकळी मोडून वाफ नुसती तरंगायला लागली, थर्मामीटर असेल तर ६५ अंशांच्या आसपास, की नाचणीचं पीठ थोड्या गार पाण्यात कालवून त्यात घाला आणि ढवळत पंधरा मिनिटं ठेवा. पातळ होताना डोळ्यांना दिसतं. उकळत्या भांड्यात पीठ टाकलंत तर काहीच होणार नाही, हीच चूक सगळे करतात. पातळ झालं की पुन्हा पाच मिनिटं खळखळून उकळा. कच्च्या पिठातले जंतू मरायला हे हवंच. मग उकळलेल्या दुधात कालवलेली पावडर, पूर्ण उकडलेली अंडी, तेल, मीठ घालून पुन्हा तीन-चार मिनिटं मिक्सर फिरवा. बारीक गाळणीतून दोनदा गाळा आणि उकळून गार केलेल्या पाण्याने १५०० मिलि करा. अंडं कच्चं किंवा अर्धकच्चं कधीही नाही.

पारख अशी : ५० मिलिच्या सिरिंजचा दट्ट्या काढून तिला राईल्सचा एखादा जुना, स्वच्छ तुकडा जोडा आणि आहार ओता. धार न तुटता आपसूक उतरला पाहिजे. ढकलावा लागला तर पुन्हा गाळा.

मधुमेहाबद्दल दोन गोष्टी. साखर, गूळ, मध, केळं मी मुद्दाम घेतलेलं नाही. पण नाचणीच्या त्या रसाने पिष्टाचीच थोडी साखर होते, त्यामुळे रक्तातली साखर जरा लवकर चढते. पहिला आठवडा आहाराआधी आणि दोन तासांनी मोजा. फार चढत असेल तर मोडाचं पीठ १५ ग्रॅमवर आणा, बाकीचं २५ ग्रॅम साधं नाचणीचं पीठ तांदळाबरोबर शिजवा आणि एकूण १६०० मिलि करा.

वेळा सहा, प्रत्येकी २५० मिलि : सकाळी ६, ९, १२, ३, ६ आणि रात्री ९. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर, उशांनी नव्हे, पाठीपासून उचललेली. नुसत्या उशा लावल्या की मान दुमडते आणि पोट दाबलं जातं. सिरिंज पोटापासून वीतभर ते फूटभर उंच धरायची, २०-३० मिनिटांत उतरू द्यायचं, दट्ट्याने ढकलायचं नाही. नंतर पाऊण ते एक तास तसंच टेकून बसवा. आधी ३० मिलि आणि नंतर ५० मिलि पाणी. सहा वेळांचं हे ४८० मिलि होतं, आहारातलं बाराशेच्या आसपास, औषधांबरोबरचं शंभर, म्हणजे गरज भागते. एप्रिल-मेमध्ये मधल्या वेळी आणखी १०० मिलि दोनदा द्या. लघवी गडद दिसली तर पाणी कमी पडतंय.

थेट २५० मिलिवर जाऊ नका. वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलंय आणि पोटात नेमकं किती जात होतं ते माहीत नाही. अशा शरीराला एकदम पूर्ण आहार दिला की रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने खाली येतं, हृदयाचे ठोके बिघडतात. डॉक्टरांना ही तीन तपासायला सांगा, थायमिन (जीवनसत्त्व बी-१) आधी सुरू करायला सांगा. पहिल्या दिवशी ५०० ते ६०० कॅलरी, मग रोज थोडं वाढवत पाचव्या-सहाव्या दिवशी पूर्ण.

वीज जाण्याचा प्रश्न गंभीर आहे. वाटलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, उन्हाळ्यात त्याहून कमी. फ्रिजमध्ये २४ तास, तेही पसरट स्टीलच्या डब्यात लवकर गार करून. दोन-तीन तास वीज गेली तर फ्रिज न उघडता गारवा टिकतो, त्याहून लांबलं तर उरलेलं टाकून द्या. जीव हळहळतो हे मला माहीत आहे, पण नळीच्या रुग्णाचे जुलाब बहुतेकदा याच डब्यातून येतात आणि दोष मात्र दुधाला जातो. म्हणून रात्री ९ आणि पहाटे ६ या दोन वेळांना तयार पावडर वापरा, मधल्या चार वेळा घरचं. खर्चही आवाक्यात राहतो. मग घरचं १००० मिलिच करा, सगळं प्रमाण दोन तृतीयांश. डबा वेळेपुरताच काढा आणि वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा.

लिंबू, ताक, फळांचा रस या दूध-मिश्रणात कधीही घालू नका, फाटतं आणि नळीतच चोथा बसतो. ताक द्यायचंच तर वेगळ्या वेळी, पातळ, गाळून, मागेपुढे पाणी देऊन.

कृष्णाकाठ

दोघांचे मनापासून आभार. एक शंका : त्यांना बद्धकोष्ठता आहे, राईल्समधून इसबगोल देत होतो. ते आणि बाकीच्या गोळ्या एकत्र कुटून आहारातच मिसळतो, म्हणजे सुटसुटीत पडतं. हे पेगमध्ये चालेल ना?

उत्तर ३ — सिस्टर, वॉर्ड नं. ४

नाही चालणार. आणि राईल्स दर दोन दिवसांनी का तुंबत होती तेही आता कळलं. इसबगोल नळीत फुगतं, त्याचा बुळबुळीत बूच होतो. नळीतून इसबगोल, त्रिफळा, कसलंही चूर्ण किंवा भस्म द्यायचं नाही. पोट साफ व्हायला लॅक्टुलोजचं सिरप डॉक्टरांना विचारून घ्या. त्याआधी पाणी पुरेसं जातंय का ते बघा.

गोळ्या आहारात मिसळल्या की दोन गोष्टी होतात. औषध दुधात फाटून चिकटतं, आणि आहार अर्धवट राहिला तर औषध किती गेलं ते कळत नाही. प्रत्येक गोळी वेगळी कुटायची, अगदी पिठासारखी, १०-१५ मिलि पाण्यात विरघळवायची. एक दिली की १०-१५ मिलि पाणी, मग दुसरी.

तुमच्या यादीतल्या दोन गोळ्या कुटताच येत नाहीत. मेटफॉर्मिन एसआरमधलं एसआर म्हणजे औषध हळूहळू सुटणारी गोळी. कुटली की दिवसभराचा डोस एकदम पोटात जातो. साधी मेटफॉर्मिन विभागून लिहून घ्या. पँटोप्राझोलला आम्लापासून वाचवणारं कवच असतं, कुटलं की जठरातच वाया जातं. त्याऐवजी पाण्यात विरघळणारी लॅन्सोप्राझोलची गोळी मिळते. नावात एसआर, एक्सएल, ईआर, रिटार्ड असं काही दिसलं की कुटण्याआधी औषधवाल्याला विचारा. क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅम्लोडिपिन कुटून चालतात.

फेनिटॉइनची गोष्ट वेगळी. ते आहाराला चिकटतं आणि रक्तात पोचतच नाही. नळीचा आहार सुरू झाल्यावर फिट्स परत आल्या असं होतं ते यामुळे. त्याच्या आधी आणि नंतर एक ते दोन तास आहार बंद ठेवायचा. रात्रीच्या ९ च्या आहारानंतर मध्यरात्रीच्या सुमाराला ते बसवता येईल का ते डॉक्टरांना विचारा. पातळ औषध असेल तर बाटली चांगली हलवा, तळाशी गाळ बसतो आणि शेवटच्या चमच्यांत जास्त डोस जातो. रक्तातलं प्रमाणही तपासून घ्या.

साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन आहार आत जायला लागल्यावरच द्या. उलटी झाली, आहार चुकला, तर आधी साखर मोजा.

नळी तुंबली तर : ५० किंवा ६० मिलिची सिरिंज, कोमट पाणी, हळू आत-बाहेर. नाही सुटली तर नळीत कोमट पाणी भरून अर्धा तास चिमटा लावून ठेवा, पुन्हा करा. बाहेरची नळी बोटांनी चोळली तर गाठ फुटते. छोटी २ किंवा ५ मिलिची सिरिंज वापरायची नाही, तिचा दाब इतका असतो की नळी फाटते. तार, सळई, अगरबत्तीची काडी आत घालायची नाही. कोल्ड्रिंक ओतायचा सल्ला सगळीकडे फिरतोय, तो ऐकू नका. ते आम्ल आहे, नळीत राहिलेलं दूध-डाळ आणखी फाटतं. तुंबू नये म्हणून एकच सवय : आहार असो वा औषध, आधी पाणी, नंतर पाणी, आणि काहीही देत नसलात तरी दर चार-सहा तासांनी ३० मिलि. रात्रीचं चुकवू नका.

भोकाभोवती रोज साबण-पाणी आणि कोरडं करणं एवढंच. पहिल्या आठवड्यानंतर रोज आयोडीन फासू नका, कातडी सोलवटते. चकतीखाली जाड गॉज कोंबू नका, ओल धरते आणि चकती ताणली जाते. थोडा पिवळसर चिकट स्राव साधा असतो. लाली वाढत गेली, गरम लागलं, पू आला तर दाखवा. भोकाच्या कडेला लाल, ओलं, हात लावला की रक्त येणारं मांस वाढलं तर ते सिल्व्हर नायट्रेटने डॉक्टर जाळतात, घाबरण्यासारखं नसतं. बहुतेकदा नळी सारखी हलत असल्याने ते वाढतं, म्हणून नळी पोटाला पट्टीने नीट चिकटवा आणि पोटाभोवती सुती पट्टा बांधा. ओढून काढणाऱ्या रुग्णाला हे जास्तच लागू : नळीचं टोक सदऱ्याच्या आत, चालणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूला.

गळती सुरू झाली तर कोणी म्हणेल आणखी जाड नळी घाला. तसं केलं की भोक आणखी मोठं होतं. आधी आतली चकती जागेवर आहे का, पोट फुगलंय का, शौच अडकलंय का, आहार फार जलद जातोय का, हे बघायचं. कातडीला झिंक ऑक्साइड लावा.

कृष्णाकाठ

सिस्टर, इसबगोल आजच बंद केलं. आता शेवटचं : नळी निघालीच तर? आमच्याकडून शहर दीड तासावर आहे.

उत्तर ४ — अन्ननलिका ते आतडं

याचं उत्तर नळी बसवून किती दिवस झालेत त्यावर आहे.

पहिल्या चार आठवड्यांत, आणि तुमच्या रुग्णासारखं वजन घटलेलं असेल तर सहा आठवड्यांपर्यंत, जठर आणि पोटाची भिंत एकमेकांना पक्की चिकटलेली नसते. नळी निघाली तर जठर आत मागे सरतं. त्या भोकातून काहीही घातलं तर ते जठरात न जाता पोटाच्या पोकळीत जाऊ शकतं. म्हणून या काळात काहीही आत घालायचं नाही, काहीही पाजायचं नाही. स्वच्छ गॉज लावून थेट रुग्णालय.

मार्ग पक्का झाल्यावर अडचण उलटी असते : भोक काही तासांतच आकसायला लागतं. तुमचा दीड तास प्रवासातच जाणार, म्हणजे हाताशी थोडकाच वेळ उरतो. घरी निर्जंतुक पाकिटातली फॉली कॅथेटर (लघवीसाठी वापरतात ती, टोकाशी फुगा असलेली नळी) ठेवा, पेगच्याच मापाची आणि एक माप कमी अशा दोन, आणि ती घालायची कशी हे पेग बसवणाऱ्या डॉक्टरांकडूनच, घरी सोडण्याआधी, हातात धरून शिकून घ्या. वंगण जेली लावून अलगद सरकते तेवढीच घालायची. अडली, दुखलं, रक्त आलं की थांबायचं. आत गेली तर पट्टीने चिकटवून टोक बंद करायचं आणि निघायचं. ती फक्त भोक उघडं ठेवायला असते. तिच्यातून आहार द्यायचा नाही, जोवर जठरातला द्रव ओढून त्याचं आम्लाचं मोजमाप किंवा एक्स-रेत दिसणारं औषध नळीतून सोडून एक्स-रे झालेला नाही. आणखी एक : फॉलीला बाहेरची चकती नसते, त्यामुळे ती सरकत सरकत पुढे जठराच्या खालच्या तोंडाशी जाते आणि फुगा तिथे अडकून उलट्या होतात. तालुक्याला कोणी फॉलीच कायम ठेवून घरी पाठवलं तर कातडीजवळ पेनाने खूण करा आणि रोज बघा.

पुढे कधी फुग्याची (आतल्या चकतीऐवजी फुगा असलेली) नळी बसवली तर तिचा फुगा दर आठवड्याला तपासायचा. त्यात निर्जंतुक पाणी भरायचं, सलाइन नाही, मिठाचे कण झडपेत अडकतात. किती मिलि ते नळीवरच छापलेलं असतं. ती तीन ते सहा महिन्यांत बदलावी लागते. पहिली ओढून बसवलेली चकतीची नळी नीट सांभाळली तर वर्ष-दोन वर्षं सहज जाते.

आणि पेग बसली म्हणून न्यूमोनिया टळला असं धरू नका. आहार पोटात जातो, पण तोंडातली लाळ अजून श्वासनलिकेतच उतरते. जे तोंडाने खात नाहीत त्यांच्या तोंडात जंतू जास्त साचतात. दिवसातून दोनदा ओल्या मऊ ब्रशने दात, हिरड्या, जीभ, डोकं वर उचलून. गिळण्याचे व्यायाम थांबवू नका, स्पीच थेरपिस्टकडून दर महिन्याला तपासा. त्यांनी परवानगी दिली तर चमचाभर घट्ट वरण जिभेवर देता येईल. पाच आठवड्यांत हात-पाय हलू लागले नसतील, तरी गिळणं अजून परतू शकतं. परतलं की नळी काढता येते, आणि ते भोक सहसा एक-दोन दिवसांत आपोआप मिटतं.

उत्तर ५ — वाटी-चमचा

एक राहिलं होतं. अंडं कुणाला चालत नसेल तर त्याजागी साय काढलेल्या दुधाची पावडर आणखी ४० ग्रॅम घाला, हिशेब जवळपास तोच बसतो. पोट फुगायला लागलं तर पावडर अर्धी करा आणि डाळ्यांचं पीठ २५ ग्रॅम घ्या, मात्र ते तांदूळ-डाळीबरोबर शिजवून, नाचणीच्या आधी. आणि वजन दर आठवड्याला करा. उभं राहता येत नसेल तर दंडाचा घेर एकाच जागी, टेपने, रविवारी सकाळी. तीन आठवड्यांत घेर तोच राहिला किंवा घटला तर आकडे घेऊन इथे लिहा, प्रमाण वाढवून देते.